सात नंबरचं बटण

१८ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून चाचणी सुरू झाली. बारा ट्रॅक्टर, बारा युनिटं. नंतर कुणी वेगळं सांगू नये म्हणून सगळं इथे लिहून ठेवते.

गेल्या हंगामात विजयसिंह यांच्या ऊसवाहतुकीच्या या बारा ट्रॅक्टरांचे एकोणीस स्टार्टर जळाले. या वेळी ३१ जानेवारीपर्यंत दोनपेक्षा कमी जळाले तर आमची कंपनी माझं युनिट बाजारात आणणार आणि मला कायम करणार. दोन किंवा जास्त जळाले तर माझा करार त्याच दिवशी संपतो. साहेबांनी हे चहा पिता पिता सांगितलं. मी लेखी मागितलं. मिळालं नाही.

युनिट साधं आहे. स्टार्टरच्या अंगावर तापमानाचा सेन्सर बसवला आहे. एकशे दहा अंश झाले की रिले स्टार्टरकडे जाणारी तार तोडतो आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. तापमान नव्वदवर उतरलं की तार आपोआप जोडली जाते. त्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. आत मेमरी कार्ड आहे: चावी कधी फिरवली, किती सेकंद, तेव्हा तापमान किती. कार्डं दर शनिवारी वाचायची.

गॅरेजचे फोरमन हंबीरराव युनिट हातात घेऊन म्हणाले, "ताप बघायला डबी आली. आता सलाईन कधी लावताय मॅडम?" ड्रायव्हर हसले. सात नंबरचे आकाराम तेवढे हसले नाहीत. ते सगळ्यांत वयस्कर आहेत. त्यांनी विचारलं, लाल दिवा वाटेत लागला तर काय करायचं. मी सांगितलं, थांबायचं. ते "थांबायचं" एवढंच म्हणाले आणि टायरकडे बघत राहिले.

चहा आला. त्यांना काचेच्या पेल्यांतून, मला कागदी कपातून. नोंद म्हणून लिहिते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गाळा उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत आहे. एकतीस वर्षं ते जळालेले स्टार्टर नवी तार गुंडाळून भरतात. ड्रायव्हरांच्या भाषेत 'सेल्फ'. गेल्या वर्षीच्या एकोणीसपैकी सोळा सेल्फ त्यांच्याकडेच आले होते. माझं युनिट चाललं तर ते येणार नाहीत. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. घरात या विषयावर कुणी बोलत नाही.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "किती जळले?"

मी म्हटलं, कालच तर सुरू झालं.

"बरं."

संध्याकाळी मी गाळ्यात गेले तेव्हा ते एका जोडावर दोरा गुंडाळत होते. कथील लावून झालं की ते टेप लावत नाहीत. सुती दोरा घट्ट गुंडाळतात, गाठ आतून घेतात आणि वरून वार्निश मारतात. टेपचा डिंक उष्णतेनं सुटतो, हे त्यांचं कारण बरोबर आहे. आता जोडावर चढवायची चांगली स्लीव्ह कुठेही मिळते, हेही बरोबर आहे. मी दहा वर्षांची असल्यापासून दोऱ्याचं दुसरं टोक धरायला बसायचे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पहिली कार्डं वाचली. एकही सेल्फ जळला नाही, पण आकडे विचित्र आहेत. एका सकाळी पन्नास-साठ वेळा चावी फिरते. दर वेळी दोन-तीन सेकंदच. इंजिन सुरू व्हायला एवढ्या वेळा लागत असतील तर बॅटऱ्या कमजोर आहेत. तसं पत्र हंबीररावांना दिलं.

त्यांनी पत्र न उघडता खिशात घातलं. बॅटऱ्या दसऱ्याला नव्या टाकल्यात म्हणाले. मग चावी इतक्या वेळा का फिरते, असं मी विचारलं.

"चावीलाच इच्यारा की."

२६ नोव्हेंबर, मंगळवार

अण्णांना विचारायची इच्छा नव्हती, तरी विचारलं. त्यांनी कुठल्याशा ट्रकच्या सेल्फचं जळालेलं आर्मेचर, आतला फिरणारा गाभा, माझ्यासमोर ठेवलं. त्याचं कथील वितळून चारी बाजूंना उडालं होतं.

"ह्ये सुरू करताना जळल्यालं न्हाय. वढताना जळलंय."

मी विचारलं, कशावरून. त्यांनी आर्मेचर हातात फिरवलं आणि म्हणाले, हातानं कळतं.

हाताचा अंदाज हे मोजमाप नाही. मी तसं म्हटलं. त्यांनी आर्मेचर परत फळीवर ठेवलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज स्वतः नदीपलीकडच्या कारखान्याच्या आवारात गेले. आधीच जायला हवं होतं.

वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग असते. प्रत्येकामागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. पुढचा हलला की आपणही लगेच हलायचं, नाहीतर मधल्या जागेत शेजारच्या रांगेतला घुसतो. एका वेळी जेमतेम एक ट्रॉलीभर जागा होते. त्यासाठी कुणी इंजिन सुरू करत नाही. डिझेल खेपेला मोजून मिळतं. पहिला गिअर टाकून ठेवतात आणि चावी फिरवतात. सेल्फ सगळा भार ओढतो, ट्रॅक्टर दोन हात पुढे सरकतो. चावी सोडायची. परत फिरवायची. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणून कंपनीनं स्विच दिलेला असतो. तो प्रत्येक ट्रॅक्टरवर तार लावून निकामी केलेला आहे.

सेल्फ इंजिनाला दोन-चार फेऱ्या देण्यासाठी असतो. इथे तो बैल म्हणून वापरतात.

मी उभी असतानाच चार नंबरचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरनं गिअर काढून इंजिन सुरू करायचा प्रयत्न केला, पण युनिटनं तेही करू दिलं नाही. साडेचार मिनिटं तो हलला नाही. बाजूनं तीन-चार ट्रॅक्टर पुढे गेले, मग त्यांच्या मागचे. त्याचे अकरा नंबर गेले. तो खाली उतरून थेट माझ्याकडे आला.

"आमचा नंबर गेला, दिवस गेला. तुमचं काय गेलं?"

मी त्याला सेल्फ किती अंशांवर होता ते सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरणीनं डोळं वटारलं, बसा आता वर्गाभायर." त्यांनी युनिटला हे नाव ठेवलं आहे. मलाही तेच ठेवलं असावं.

'ओढताना जळतं' हे बरोबर निघालं. घरी सांगितलं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

रजा. सकाळी आई, अण्णा आणि मी बिंदू चौकातल्या पुतळ्याला हार घालून आलो. काल रजेचं सांगितलं तेव्हा हंबीरराव म्हणाले, "सांगू नका, तुमच्या सुट्ट्या आमाला पाठ हायत्या." मी अर्ज टेबलावर ठेवून निघाले.

आई म्हणते, अण्णा चौकात भेटेल त्याला सांगत होते, आमच्या अक्षीनं सेल्फ वाचवायची डबी काढली. मी शेजारीच होते. मला काही ऐकू आलं नाही. आईला गोष्टी गोड करून सांगायची सवय आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

अजून एकही सेल्फ जळला नाही. रांगेत ओढणं थोडं कमी झालं आहे, कारण लाल दिवा लागला की नंबर जातो. भीतीनं का होईना.

एक दोष सापडला. आठ युनिटांच्या नोंदींत मध्येच तापमान दहा-पंधरा अंशांनी चढतं. त्या वेळी रिले उघडा आहे, चावी फिरवल्याची नोंद नाही. म्हणजे सेल्फकडे वीज जाण्याचा मार्गच नाही. वीज नाही तर उष्णता कुठून येणार? हे बहुतेक वेळा सकाळी सात ते आठच्या दरम्यान होतं. तेव्हा धुकं आणि दव असतं. सेन्सरमध्ये ओलावा जात असणार. अशा सगळ्या नोंदींपुढे 'सेन्सर दोष' लिहिलं आणि पुरवठादाराला तक्रार पाठवली.

अण्णा आठवडाभर पहाटे अवजारांची पिशवी घेऊन मोपेडवरून जातात आणि आठला परत येतात. विचारलं तर "काम हाय" म्हणतात. गाळ्यात काम कमी झालं असणार. नवी गिऱ्हाइकं शोधत असावेत.

रात्री त्यांनी विचारलं, "किती?"

"शून्य."

"बरं."

रोज हाच प्रश्न. शून्य ऐकून त्यांचा चेहरा काय होतो ते मी बघत नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

कार्ड काढायला सात नंबरवर चढले. आकाराम आपणहून म्हणाले, "मॅडम, एक दाखवायचं हाय. लपवून ठेवाय जमंना मला." त्यांनी सीटच्या मागे, खाली हात घातला. तिथे एक बटण होतं. दाबलं की बॅटरीची वीज माझं युनिट वगळून थेट सेल्फला जाते.

चौकशी केली. हे कुणी बसवलं ते त्यांनी सांगितलं नाही. कशासाठी ते सांगितलं. ट्रॉल्या भरून शेतातून येताना वाटेत ओढ्यावरचा बंधारा आणि त्यापुढे चढ लागतो.

"बंधाऱ्यावरनं वर चढताना इंजान बंद पडलं तर हे पायजेल."

मी म्हटलं, लाल दिवा लागला असेल तर थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

"मी थांबतो की. ट्रॉल्या थांबत न्हाईत."

ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, हे खरं आहे. पण नियम सगळ्यांना एक. एका ट्रॅक्टरवर बटण राहिलं तर बाराही ट्रॅक्टरांच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

जोडकाम चांगलं होतं. काम कुणाचं ते कळलं नाही.

मी तार दोन्हीकडून कापली, युनिटला शिशाचं सील मारलं आणि हंबीररावांना पत्र दिलं. हे पत्र त्यांनी लगेच उघडलं. आकारामांना सगळ्यांसमोर जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाकी अकरा ड्रायव्हरांना मी एकेकाला विचारलं, असं बटण आहे का. अकरा जणांनी 'न्हाय' सांगितलं. अकरा वेळा 'नाही' लिहिलं.

घरी जेवताना सांगितलं की सात नंबरला कुणीतरी चोरून बटण बसवलं होतं, ते मी काढलं. अण्णांचा घास हातातच राहिला.

"सातला?"

"हो."

"परत जोड ते."

मी कारण विचारलं. ते म्हणाले, चढ बघितलास? मी म्हटलं, बघितला आहे, सहा अंशांचा आहे.

"ट्रॅक्टरवर बसून?"

मी त्यांना शांतपणे म्हटलं, या हंगामात गाळ्यात काम कमी आहे, तुमची काळजी मला समजते, पण माझ्या कामाच्या मध्ये ती आणू नका.

ते ताटावरून उठले. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं.

४ जानेवारी, शनिवार

सातवा आठवडा. शून्य. साहेबांनी फोनवर अभिनंदन केलं.

अण्णांनी आठवडाभर 'किती?' विचारलेलं नाही. गेल्या रविवारी पहाटेही ते मोपेडवरून गेले होते. अर्ध्या तासात परत आले, पिशवी कोपऱ्यात ठेवली, दिवसभर गाळा उघडला नाही. तेव्हापासून पहाटेचं जाणं बंद.

सेन्सरचा पुरवठादार लिहितो, आमच्या मालात दोष नाही, तुमची जोडणी तपासा. उद्धट पत्र आहे. जोडणी मी स्वतः केली आहे. सात नंबरचा सेन्सर मात्र गेल्या आठवड्यात आपोआप नीट झालेला दिसतो.

८ जानेवारी, बुधवार

सात नंबरचा अपघात.

बंधारा ओलांडून वर चढताना इंजिन बंद पडलं. आकारामांनी दोन्ही ब्रेकवर उभं राहून ट्रॅक्टर धरला. चावी फिरवली, सेल्फ फिरला नाही. त्यांची बायको शालूबाई ऊसतोडीच्या कामावर असते. ती ट्रॉलीमागून चालत येत होती. चाकाला दगड लावायला ती पुढे गेली. पहिला दगड लागला. दुसरा लावताना ब्रेक सुटला, मागची ट्रॉली ओढ्यात कलली. शालूबाईचा उजवा पाय दगड आणि चाक यांच्यामध्ये सापडला.

ती जिवंत आहे. पाय घोट्याच्या खाली चुरडला आहे.

मी दहा वाजता पोचले. रस्ताभर ऊस पडला होता. लोक बाजूला झाले, मला वाट दिली. लाल दिवा विझलेला होता. सील शाबूत होतं.

९ जानेवारी, गुरुवार

सात नंबरचं कार्ड वाचलं. आहे तसं उतरवते.

६:०२ ते ७:३६: चावी चौतीस वेळा, प्रत्येकी दोन ते तीन सेकंद. म्हणजे शेतात ऊस भरतानाही सरीच्या कडेनं सेल्फवरच पुढे सरकवतात. हे मला माहीत नव्हतं.

७:३७: इंजिन सुरू. तापमान ११२. रिले उघडला, लाल दिवा. इंजिन चालू असल्यानं ट्रॅक्टर चालत राहिला.

७:४०:१२ ते ७:४०:३१: चावी पाच वेळा. तापमान ९८. युनिटनं पाचही वेळा नकार दिला.

७:४२:०२: तापमान ९०. रिले जोडला गेला.

तेव्हा ट्रॉली ओढ्यात होती.

अठ्ठ्याण्णव अंशांवर आणखी पाच सेकंद सेल्फ फिरवला असता तर तो जळला नसता. मी हिशेब तीनदा केला.

११ जानेवारी, शनिवार

विजयसिंह यांच्या ऑफिसात बैठक. ते, आमचे साहेब, हंबीरराव आणि मी. साहेबांनी अहवालाचा मसुदा करूनच आणला होता. ड्रायव्हरनं त्या सकाळी गिअरमध्ये चौतीस वेळा सेल्फ मारला. त्यानं पूर्वीही युनिट वगळणारं बटण बेकायदा बसवून घेतलं होतं. युनिटनं आपलं काम अचूक केलं. खाली माझ्या सहीची जागा.

यातलं एकही वाक्य खोटं नाही.

मी म्हटलं, पाच नकारांची वेळही घालावी लागेल. विजयसिंह फोनमधून डोकं न काढता म्हणाले, त्याची गरज नाही. हंबीरराव म्हणाले, "आकारामला परवाच काढलाय. काढलेल्या माणसासाठी कशाला डोकं लावताय?" साहेबांनी आठवण करून दिली की आजपर्यंत एकही सेल्फ जळलेला नाही आणि एक फेब्रुवारीपासून माझी नेमणूक कायम आहे. उरलेल्या अकरा ट्रॅक्टरांवर बटण नसल्याचा दाखला जोडून बुधवारी सही करून द्यायची.

आज चहा काचेच्या पेल्यात आला. मी प्यायले नाही.

१२ जानेवारी, रविवार

सरकारी दवाखान्यात गेले. आकाराम व्हरांड्यात बसले होते, उठले नाहीत. शालूबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. पायाला पिंजरा लावला होता. तिनं मला ओळखलं.

"या पावणं. तुमीच न्हवं का ती मास्तरीण?"

मी हो म्हटलं.

"मी दगड घेऊन पळालो तवा ह्यो नुसता चावी फिरवाय लागलेला. डबी काय म्हणत हुती त्याला?"

मी खरं ते सांगितलं. सेल्फ गार होईपर्यंत थांबा, म्हणत होती. एक मिनिट पन्नास सेकंद.

ती म्हणाली, "त्या उसाला सांगायचं हुतं की थांब म्हणून. मी सांगून बघितलं. ऐकला न्हाय."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मी आणलेली फळं स्टुलावर ठेवली. शालूबाई म्हणाली, फळं घेऊन जावा, आमाला सफरचंदं खायाची सवय न्हाय. मी ती परत पिशवीत भरली.

बाहेर आकाराम पहिल्यांदा बोलले. बटण कापल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे एक माणूस गॅरेजवर आला होता. तार जोडायला. त्यानं टॉर्च लावून युनिट बघितलं, सील बघितलं.

"म्हणला, हे पोरीचं शील हाय. मला तोडता येत न्हाय. आन् माघारी गेला." मग म्हणाले, "आमाला बटण दिलं तवा शपथ घातल्याली त्यानं. फक्त चढाला दाबायचं. नंबरात दाबलं तर तुमचं सेल्फ मी आयुष्यात भरणार न्हाय, म्हणला. माझ्या पोरीचा आकडा बिघडाय नको, म्हणला."

'आमाला', असं ते म्हणाले. 'मला' नाही. बसस्टॉपपर्यंत आल्यावर लक्षात आलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गॅरेजला सुट्टी होती, ट्रॅक्टर आवारात उभे होते. वॉचमननं फाटक उघडलं. दाखल्यासाठी तपासणी करायची आहे, म्हटलं. ते खरंच होतं.

एक नंबर: सीटच्या मागे, खाली. आहे.

दोन: आहे.

तीनपासून बारापर्यंत सात सोडून सगळीकडे आहे.

अकरा ट्रॅक्टर, अकरा बटणं. सगळी एकाच जागी, अशी बसवलेली की मुद्दाम वाकून मागे हात घातल्याशिवाय पोचत नाही. रांगेत बसल्या बसल्या दाबता येणार नाही. सगळी स्प्रिंगची, सोडली की सुटणारी. प्रत्येक जोडावर सुती दोरा, वर वार्निश. दोऱ्याचं टोक दिसत नाही. गाठ आतून.

घरी येऊन 'सेन्सर दोष' लिहिलेल्या नोंदी परत काढल्या. एकूण त्रेचाळीस. प्रत्येक नोंद इंजिन शेतात सुरू झाल्यानंतर तीन ते पाच मिनिटांनी आहे. तेवढ्या वेळात ट्रॅक्टर चढावर पोचतो. तापमानाच्या चढावरून काळ काढला. सगळ्यांत जास्त सहा सेकंद. रांगेच्या वेळेत एकही नाही.

त्रेचाळीस वेळा इंजिन चढावर बंद पडलं आणि त्रेचाळीस वेळा सुरू झालं. एकही सेल्फ जळला नाही. जे ड्रायव्हर खोटं बोलले त्यांची बटणं राहिली. ज्यानं आपणहून दाखवलं, त्याचं मी कापलं.

१५ जानेवारी, बुधवार

साहेबांचा मसुदा परत केला आणि माझा अहवाल दिला. तीन पानं. कार्डाच्या सगळ्या वेळा घातल्या. शेवटचा परिच्छेद असा:

'लाल दिव्यानंतर एकदा, सहा सेकंदांपर्यंत, चालकाला सेल्फ वापरता आला पाहिजे. युनिटच्या रचनेत ही सोय नाही. हा दोष रचनेचा आहे. बाराही ट्रॅक्टरांवर ही सोय बाहेरून केलेली होती आणि ती योग्य होती. सात क्रमांकाची सोय २८ डिसेंबर रोजी मी कापली.'

साहेबांनी शेवटचं वाक्य काढायला सांगितलं. बाकीचं बघू म्हणाले. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग ३१ तारखेची वाट बघायची गरज नाही. मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं. अहवालाची एक प्रत आकारामांच्या नावे पोस्टानं पाठवली. पावती जपून ठेवली आहे.

गॅरेजमध्ये आवरायला गेले तेव्हा हंबीरराव म्हणाले, "नोकरी गेली, आकाराम काय परत येत न्हाय. मिळवलंत काय?" त्यांना उत्तर नको होतं.

१८ जानेवारी, शनिवार

आज वाचायला कार्डं नव्हती. सकाळी दहाला गाळ्यात गेले. अण्णा एक आर्मेचर भरत होते. हंगामाचे दोन महिने होऊन गेले तरी फळीवर फक्त तीन सेल्फ होते, तिन्ही ट्रकांचे.

मी पिशवीतून माझ्याकडचं शिल्लक युनिट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, यात बटण आतून बसवायचं आहे, कुठे ते सांगा.

त्यांनी आधी हातातला फेरा पूर्ण केला. मग म्हणाले, "शालूबाईचा पाय?"

राहील, म्हटलं. पण पहिल्यासारखं चालता येणार नाही.

"ते तुझ्यासंगं ऱ्हाणार आता." बरं वाटावं म्हणून ते काही बोलत नाहीत. आजही बोलले नाहीत. थोड्या वेळानं पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि दोऱ्याचं टोक पुढे केलं. मी धरलं.

२८ डिसेंबरच्या नोंदीत एक दुरुस्ती. 'काम कुणाचं ते कळलं नाही' असं मी लिहिलं आहे. ते चूक आहे. तार कापण्याआधी मी दोऱ्यावरून बोट फिरवून बघितलं होतं. काम कुणाचं ते मला कळलं होतं.